आर्मस्ट्राँगची ७२ खोकी

१९९१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने मायकेल कॉगस्वेल यांना नोकरीवर घेतलं तेव्हा त्यांच्यापुढे ७२ खोकी होती. जॅझचा नामवंत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याला जाऊन वीस वर्षं झाली होती, त्याची बायको लूसिल हिला जाऊन आठ. क्वीन्समधल्या कोरोना या वस्तीत दोघांचं घर होतं. त्या घरातलं सामान या खोक्यांत भरलेलं होतं आणि ते उघडून, ओळखून, लावून ठेवायचं काम कॉगस्वेल यांच्यावर आलं होतं. ते स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे होते. पुढची सत्तावीस वर्षं ते याच कामात राहिले.

खोक्यांतून जे निघालं त्याचा हिशोब असा: घरी आणि दौऱ्यांवर रेकॉर्ड केलेल्या सुमारे ६५० स्पूल टेपा, ८६ कात्रणवह्या, सुमारे ५,००० छायाचित्रं, १,६०० तबकड्या, वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या सुरावटींचे २७० संच, ५ ट्रम्पेट, १४ माउथपीस, १२० मानचिन्हं, आणि ओळीने उभे लावले तर १२ फूट भरतील एवढे कागद, पत्रं, हस्तलिखितं. जॅझमध्ये एका कलावंताच्या हातचं इतकं सामान एकत्र आणि इतकं अभंग सापडणं फार दुर्मीळ आहे.

मोठ्या कलावंताची कागदपत्रं विद्यापीठाने सांभाळल्याची उदाहरणं जॅझमध्ये बरीच आहेत. न्यूऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात १९५८ पासून जॅझचं अभिलेखागार आहे, आणि नेवार्कच्या रटगर्स विद्यापीठातल्या जॅझ संस्थेत पियानोवादक मेरी लू विल्यम्सचा सगळा संग्रह आहे. आर्मस्ट्राँगचं प्रकरण मला वेगळं वाटतं ते एका कारणासाठी. इथे दप्तर लावण्याचं काम विद्यापीठाने सुरू केलेलं नाही, ते कलावंताने स्वतःच अर्ध्याहून अधिक केलेलं होतं. अशा वेळी विद्यापीठाने काय करायचं, आणि काय मुळीच करायचं नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

टेपरेकॉर्डर चालूच

आर्मस्ट्राँगची शाळा लहानपणीच सुटली. १९१२ च्या शेवटच्या रात्री न्यूऑर्लिन्सच्या रस्त्यावर पिस्तूल झाडलं म्हणून पोलिसांनी त्याला धरलं आणि सुधारगृहात पाठवलं. पण या माणसाला लिहिण्याचं वेड होतं. दौऱ्यावर ट्रम्पेटच्या जोडीला टाइपरायटर असायचा. मैफल संपली, खोलीवर आला, की पत्रं टाइप करत बसायचा. ठळकपणा दाखवायला शब्दांखाली रेघा, मध्येच मोठी अक्षरं, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं स्वतःच्या कानाला पटतील तिथे. त्याचं गद्य वाचताना ट्रम्पेटवरचे त्याचे ठहराव आठवतात, इतकी त्याची विरामचिन्हं लयीत पडतात.

१९५० च्या डिसेंबरमध्ये त्याने पहिला टेपरेकॉर्डर घेतला. सुरुवातीचा हेतू साधा होता: आवडत्या तबकड्या टेपवर उतरवायच्या, म्हणजे दौऱ्यावर ऐकता येतील, आणि आपली मैफल कशी झाली ते तपासायचं. मग यंत्र तसंच चालू राहू लागलं. रंगपटातल्या गप्पा, मित्रांचे चावट विनोद, हॉटेलच्या खोलीतली पाहुण्यांची वर्दळ, नवरा-बायकोची कुरबुर, सगळं टेपवर. यंत्र चालू असल्याचं लक्षात आल्यावर लूसिल ते बंद करायला सांगते, असेही प्रसंग त्यांत आहेत. लुईला मात्र पक्कं ठाऊक होतं की आपण हे पुढच्या पिढ्यांसाठी ठेवतो आहोत, आणि तसं तो बोलूनही दाखवायचा.

या टेपांतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९२३ साली, बावीशीच्या आत-बाहेर असताना, तो शिकागोत किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटचं धाकटं भावंड) वाजवत होता. ऑलिव्हर त्याचा गुरू. त्या बँडच्या ध्वनिमुद्रिका जगप्रसिद्ध आहेत. काही दशकांनी, आपल्या घरात बसून, लुई त्या जुन्या तबकड्या लावतो आणि त्यांच्याबरोबर ट्रम्पेट वाजवतो. समोर श्रोता नाही, बिदागी नाही. गुरू १९३८ सालीच गेलेला आहे. शिष्य आता जगभर नाव झालेला, आणि तो पुन्हा त्या आवाजाच्या शेजारी जाऊन उभा राहतो. ही टेप नसती तर हा क्षण झाला होता हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

मग ते डबे. टेपांच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या डब्यांवर लुई चित्रं चिकटवायचा. वर्तमानपत्रातली कात्रणं, मित्रांचे फोटो, मैफलींची कार्यक्रमपत्रिका, अभिनंदनाची तार, हे सगळं कातरून, एकावर एक रचून, वरून पारदर्शक चिकटपट्टीचे पट्टे ओढायचे. चिकटपट्टी त्याला डिंकासारखी लागायची आणि वार्निशासारखीही. एकदा त्याने आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीच अशा चिकटचित्रांनी भरून टाकल्या होत्या. लूसिलला ते रुचलं नाही, आणि भिंती पुन्हा मोकळ्या झाल्या. डबे मात्र राहिले, शेकड्यांनी.

१९६८ च्या सुमारास तब्येत ढासळली. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने न्यूऑर्लिन्समधल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाबद्दल हाताने दीर्घ आठवण लिहायला घेतली. लहानपणी तो त्यांच्या भंगाराच्या नि कोळशाच्या गाडीवर काम करायचा. ते हस्तलिखित आज या संग्रहात आहे. (कार्नोफ्स्कींच्या दुकानाची न्यूऑर्लिन्समधली इमारत २०२१ च्या ऑगस्टमध्ये आयडा चक्रीवादळात कोसळली. कागद टिकला, विटा गेल्या.) घरी परतल्यावर ट्रम्पेट फुंकायला डॉक्टरांची मनाई होती तेव्हा तो अभ्यासिकेत बसून जुन्या टेपा नव्याने उतरवू लागला. त्यांना क्रमांक दिले, आणि कोणत्या टेपवर काय आहे हे पानापानांवर हाताने लिहून काढलं. १९७१ च्या मार्चमध्ये वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे वाजवून झाल्यावर हृदयविकाराचा झटका आला. ६ जुलै १९७१ ला पहाटे झोपेतच गेला. म्हणजे त्याने शेवटची दोन वर्षं स्वतःचा अभिलेखपाल म्हणून काढली, असं म्हणायला हरकत नाही.

लूसिलचा वाटा

आर्मस्ट्राँगवर लिहिणारे लूसिलला एखाद्या परिच्छेदात उरकतात. या प्रकरणात तसं करून चालणार नाही.

लूसिल विल्सन ही न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये नाचणारी. १९४२ साली लग्न झालं, लुईचं चौथं. १९४३ साली तो दौऱ्यावर असताना तिने कोरोनात १०७ व्या रस्त्यावर एक साधं घर घेतलं. वर्षातले बहुतेक दिवस बसमध्ये आणि हॉटेलांत काढणाऱ्या माणसाला घर कशाला हवं, असं लुईचं म्हणणं असे. दौऱ्यावरून आल्यावर टॅक्सीने त्या पत्त्यावर पोचला तेव्हा हे आपलंच घर यावर त्याचा विश्वास बसेना, अशी आठवण सांगितली जाते. नंतर तो इतका रमला की पैसा आल्यावरही त्याने दुसरीकडे जायचं नाव काढलं नाही. शेजारची मुलं त्याच्या पायरीवर बसायची.

संग्रहाच्या दृष्टीने घर म्हणजे एक कायमचा पत्ता. फिरत्या कलावंतांची कागदपत्रं गहाळ होतात ती बहुधा पेट्या बदलताना, भाड्याच्या खोल्या सोडताना, घटस्फोटांत, गोदामांत. लुईच्या टेपा आणि वह्या अठ्ठावीस वर्षं एकाच छपराखाली येत राहिल्या. तो गेल्यावर बारा वर्षं लूसिलने ते घर जवळपास जसंच्या तसं ठेवलं. १९७६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९८३ मध्ये ती गेली, तेव्हा घर आणि आतलं सामान न्यूयॉर्क शहराच्या स्वाधीन करून गेली, संग्रहालय व्हावं म्हणून. शहराने ती जबाबदारी क्वीन्स कॉलेजकडे दिली. १९६९ साली दोघांनी मिळून स्थापन केलेलं शैक्षणिक प्रतिष्ठानही पाठीशी होतं.

घरात पोटचं मूल नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. वारसांत वाटण्या झाल्या असत्या तर ट्रम्पेट एकीकडे, पत्रं दुसरीकडे आणि टेपा लिलावात, असं सहज होऊ शकलं असतं.

कॉलेजने काय केलं

अभिलेखशास्त्रात मूळ क्रमाचं तत्त्व आहे. माणसाने आपले कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही, कारण क्रम हाही पुरावा असतो. सरकारी कचेरीच्या फायलींना ते सोपं जातं. आर्मस्ट्राँगच्या टेपांना ते लावायचं तर पेच पडतो. एकाच स्पूलवर आधी एखादी सिंफनी, मग १९२० च्या दशकातली स्वतःची तबकडी, मग अचानक रंगपटातला गोंगाट, मग पुन्हा गाणं. विषयवार तोडून मांडलं तर अभ्यासकाची सोय होते, पण लुईने शेजारी शेजारी ठेवलेल्या गोष्टींचं नातं जातं. त्याचे स्वतःचे क्रमांक आणि हाताने लिहिलेली पानं हाताशी होती म्हणून त्या शेजाराचं मोल ओळखता आलं. डबा, त्यावरचं चित्र, आतली टेप आणि यादीचं पान ही चारही एकाच वस्तूची अंगं आहेत.

चिकटपट्टीचा प्रश्न याहून नाजूक. १९५० च्या दशकातल्या चिकटपट्टीचा डिंक वर्षांनी पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग पट्टी कोरडी होऊन सुटते आणि खालचं कात्रण ठिसूळ होतं. कुठल्याही साध्या दप्तरात अशी पट्टी दिसली की तज्ज्ञ पहिल्यांदा ती काढतो. इथे पट्टी काढली तर चित्रच मोडतं, कारण पट्टी हाच त्या चित्राचा पोत आहे. म्हणून वस्तूला हात कमीत कमी लावायचा, आम्लरहित आवरणात ठेवायची, उजेड आणि दमटपणा आटोक्यात ठेवायचा, आणि चांगलं छायाचित्र आधी काढून घ्यायचं. नाश थांबत नाही, लांबतो. हे मान्य करायला धीर लागतो, आणि मला वाटतं संग्रह सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा यातच आहे.

टेपांचंही आयुष्य मर्यादित. स्पूल जितकी वेळा वाजवाल तितकी झिजते, आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत जातात. म्हणून एकदाच काळजीपूर्वक उतरवून घ्यायची आणि मूळ टेपेला विश्रांती द्यायची.

उतरवून झाल्यावर हक्कांचा गुंता उरतो. टेपवर लुईचं बोलणं आहे, त्याचा हक्क वारसदार प्रतिष्ठानाकडे. त्याच टेपवर उतरवलेली तबकडी आहे, तिची मालकी ध्वनिमुद्रिका कंपनीची. आणि खोलीत हसणारा, शिवी देणारा, घरची भांडणं सांगणारा एखादा पाहुणा आहे, ज्याला यंत्र चालू असल्याचा पत्ताही नसेल. कायद्याने प्रश्न सुटला तरी त्या पाहुण्याच्या खाजगीपणाचं ओझं अभिलेखपालाच्या डोक्यावर राहतंच. फोटो आणि कात्रणवह्या जगापुढे ठेवणं सोपं, आवाज ठेवणं अवघड, ते यामुळे.

१९९४ साली कॉलेजच्या रोझेन्थाल ग्रंथालयात हे अभिलेखागार अभ्यासकांसाठी उघडलं. घराचं संग्रहालय व्हायला मात्र २००३ चा ऑक्टोबर उजाडला.

उशिराची किंमत

इथे माझी एक खंत नोंदवतो. लूसिल १९८३ मध्ये गेली आणि पूर्णवेळ जाणता माणूस १९९१ मध्ये बसला. त्याच्याही आधीची बारा वर्षं धरली तर टेपा वीस वर्षं जाणत्या कानांवाचून पडून होत्या. या काळात सामान हरवलं नाही हे भाग्य. पण टेपांवरचे आवाज ओळखू शकणारी माणसं गेली. लुईच्या ऑल स्टार्स बँडमधला क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड १९८० मध्ये, पियानोवादक अर्ल हाइन्स १९८३ मध्ये, ट्रॉम्बोनवाला ट्रमी यंग १९८४ मध्ये. रंगपटातल्या गोंगाटात कोण कुणाला काय म्हणतंय, कुठल्या गावी, कुठल्या वर्षी, हे त्यांना समोर बसवून टेप ऐकवली असती तर किती सापडलं असतं! टेप तीस वर्षांनीही उतरवता येते. साक्षीदाराचं तसं नसतं. एखाद्या संस्थेकडे पैसा थोडाच असेल तर तो आधी टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या साथीदारांच्या घरी जाण्यावर खर्च व्हावा, कपाटं नंतर घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

आर्मस्ट्राँगचं म्हणणं आणि नोंदी

जो माणूस स्वतःचं दप्तर स्वतः लावतो, तो त्यात स्वतःची बाजूही लावतो. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असं लुई आयुष्यभर सांगत आला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, शतकाच्या उंबरठ्यावर. तो गेल्यावर सतराएक वर्षांनी न्यूऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली: जन्म ४ ऑगस्ट १९०१. त्याच्या टेपांचे तास कितीही ऐकले असते तरी ही तारीख हाती लागली नसती. ती दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेल्या वहीत होती.

पण उलट बाजूही तितकीच खरी. रंगमंचावरचं रुंद हसू आणि पांढरा रुमाल एवढंच पाहून तरुण काळ्या संगीतकारांनी त्याला गोऱ्यांपुढे वाकणारा ठरवलं होतं. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं गेलं तेव्हा नॉर्थ डकोटातल्या एका तरुण वार्ताहरापुढे त्याने राष्ट्राध्यक्ष आणि गव्हर्नर दोघांनाही झोडपलं आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा करणार नाही असं सांगितलं. ते एकच प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, म्हणून लोकांना तो रागाचा एकटा झटका वाटला. घरच्या टेपा ऐकणाऱ्या चरित्रकारांना मात्र तोच राग, तोच अपमान, चारचौघांत न बोलता मित्रांपुढे बोललेला, वारंवार भेटला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आर्मस्ट्राँगचं चित्र बदललं ते बऱ्याच अंशी या टेपांमुळे. माणसाच्या मागे त्याची प्रतिमा दुरुस्त होऊ शकते, पण ऐकायला काहीतरी शिल्लक हवं.

दार उघडं राहिलं म्हणून

अभिलेखागाराला पत्ता आणि ओळखीचा माणूस मिळाला की बाहेरचे संग्रह चालत येतात. लुईचा मित्र, छायाचित्रकार जॅक ब्रॅडली याने आयुष्यभर जमवलेलं आर्मस्ट्राँगविषयक प्रचंड सामान २००५ मध्ये इथे आलं. स्वीडनचे संग्राहक गोस्टा हॅगलॉफ यांचा साठा त्यांच्या मृत्यूनंतर आला. शेजारच्या सेल्मा हेराल्डो २०११ मध्ये गेल्या, त्यांनी तर आपलं घरच संग्रहालयाला देऊन टाकलं. २००९ पासून अभिलेखागाराची धुरा रिकी रिकार्डी यांच्याकडे आहे. आर्मस्ट्राँगच्या वेडापायी वाढलेला माणूस, आणि हे वेड या कामात पदवीइतकंच उपयोगी पडतं.

फंड टू फाउंडेशनच्या २७ लाख डॉलरच्या अनुदानातून संग्रहाचं डिजिटल रूप तयार झालं आणि २०१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. कॉगस्वेल त्याच वर्षी निवृत्त झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले.

राहिला जागेचा प्रश्न. कॉलेज फ्लशिंगमध्ये, घर कोरोनात. अंतर फार नाही, पण घर पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलाची गाठ टेपांशी पडत नव्हती आणि ग्रंथालयात टेप ऐकणारा अभ्यासक त्या खोलीपासून दूर होता. विद्यापीठाच्या आश्रयाशिवाय हा संग्रह टिकला नसता, यात मला शंका नाही. पण आश्रय म्हणजे कायमचा मुक्काम असायला हवा असं नाही. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा संग्रहही कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक विद्यापीठातून पुढे तो जिथे राहिला त्या विल्टन गावच्या ग्रंथालयात गेला. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत २०२३ च्या जुलैमध्ये, त्याच्या बावन्नाव्या स्मृतिदिनी, घरासमोर १०७ व्या रस्त्याच्या पलीकडे नवं केंद्र उघडलं, आणि अभिलेखागार तिथे हललं. कागद वस्तीत परतले.

आता घर दाखवताना खोल्याखोल्यांत त्या टेपांमधले तुकडे ऐकवतात. निळ्याशार स्वयंपाकघरातून पुढे वर गेलं की अभ्यासिका लागते. भिंतीत बसवलेले दोन टँडबर्ग टेपरेकॉर्डर, शेजारी मेज, आणि याच खोलीत रेकॉर्ड झालेला तो घोगरा आवाज. ज्याला आणखी ऐकायचं असेल त्याने जिना उतरायचा आणि रस्ता ओलांडायचा.